भारतात शिकणारी ग्रीन कार्डधारक मुलं आणि री-एंट्री परमिट (आय-१३१)

कोयनाकाठ

एफ४, म्हणजे भावाने किंवा बहिणीने भरलेल्या अर्जावरचा नंबर लागतो तेव्हा घरातलं मूल बहुतेक वेळा एमबीबीएसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतं. इमिग्रंट व्हिसाची मुदत सहसा जास्तीत जास्त सहा महिने, त्यामुळे मुलाला अमेरिकेत उतरून शिक्का घ्यावाच लागतो. मग सुट्टी संपली की ते परत पुण्याला, मिरजेला, नागपूरला. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप होईपर्यंत ग्रीन कार्ड टिकवायचं कसं, हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्या-तुकड्यांत विचारला जातो. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा.

सुरुवात मुळापासून. ग्रीन कार्डावर परत येता येतं ते एक वर्षापेक्षा कमी काळ बाहेर असाल तरच. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं की नुसतं कार्ड प्रवेशासाठी चालत नाही. कार्डावर छापलेली दहा वर्षांची मुदत ही प्लास्टिकच्या कार्डाची मुदत आहे, तिचा इथे संबंध नाही. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याकडे, फॉर्म आय-१३१ भरून री-एंट्री परमिट मागायचं. ते पासपोर्टसारखं पुस्तक असतं, दोन वर्षांच्या मुदतीचं, आणि मुदतवाढ मिळत नाही. संपलं की नवा अर्ज, नवी फी.

दोन अटी डोक्यात पक्क्या बसवा. अर्ज दाखल होतो त्या दिवशी अर्जदार अमेरिकेच्या भूमीवर हवा. आणि बोटांचे ठसे व फोटो, म्हणजे बायोमेट्रिक्स, अमेरिकेतल्याच ॲप्लिकेशन सपोर्ट सेंटरमध्ये द्यायचे. मुंबईच्या वकिलातीत यातलं काहीही होत नाही.

निशिगंधा_एडिसन

कोयनाकाठ, धागा काढलात हे फार बरं केलंत. पहिल्या अटीत थोडी भर घालते, कारण अर्ज फसतात ते तिथेच.

‘दाखल झाला’ म्हणजे टपालात टाकला असं नाही. पाकीट यूएससीआयएसच्या लॉकबॉक्सला, म्हणजे टपालाने आलेले अर्ज घेणाऱ्या केंद्राला, पोहोचून स्वीकारलं गेलं पाहिजे. गुरुवारी कुरिअर केलं आणि शुक्रवारच्या विमानाने मूल निघालं, तर पाकीट सोमवारी उघडेपर्यंत ते भारतात पोहोचलेलं असतं. अर्ज नाकारायला तेवढं कारण पुरतं. पोचपावती, म्हणजे आय-७९७सी, हातात येईपर्यंत थांबावं. पाकिटात सर्वांत वर जी-११४५ हा एक पानी फुकट फॉर्म लावला की अर्ज स्वीकारल्याचा मेसेज आणि ईमेल येतो, तोवर तरी नक्की थांबावं.

दुसरं म्हणजे पाकीट न स्वीकारता जसंच्या तसं परत येण्याची कारणं. सही राहिली, फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली, किंवा वेगवेगळ्या आवृत्त्यांची पानं एकत्र झाली. आणि पैसे. १ एप्रिल २०२४ पासून री-एंट्री परमिटची फी ६३० डॉलर आहे आणि बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर आता वेगळे नाहीत. जुन्या लेखांत ५७५ अधिक ८५ असा हिशेब दिसतो, तो विसरा. पाठवायच्या दिवशी जी-१०५५ हे फीचं पत्रक मात्र उघडून बघाच. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी अर्जासोबत चेक किंवा मनी ऑर्डर घेत नाहीत. क्रेडिट कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यातून थेट वळतं करण्यासाठी जी-१६५० जोडायचा. कार्ड अमेरिकी बँकेचं लागतं. भारतातल्या बँकेचं कार्ड लिहून पाठवलं तर व्यवहार होत नाही आणि पूर्ण अर्ज परत येतो. तोवर मूल निघून गेलेलं असलं तर पुढच्या सुट्टीपर्यंत सगळं ठप्प.

रानफुल

मूल नुकतंच उतरलंय, ग्रीन कार्ड अजून छापून आलेलं नाही. अशा वेळी अर्जासोबत पुरावा काय जोडायचा? कार्ड येईपर्यंत थांबलं तर सुट्टी संपते.

कोयनाकाठ

थांबायची गरज नाही. पासपोर्टमधल्या इमिग्रंट व्हिसाच्या पानावर विमानतळावर शिक्का बसला की ते पानच वर्षभर तात्पुरत्या ग्रीन कार्डाचं काम करतं, तसं व्हिसावर छापलेलंही असतं. त्या पानाची स्वच्छ प्रत आणि पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत जोडा. शिक्का पुसट असेल तर प्रत काढताना काळजी घ्या, तारीख आणि वर्ग दोन्ही वाचता आले पाहिजेत. एफ४ मधल्या मुलासाठी वर्ग एफ४३ असतो. फॉर्ममध्ये ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला नोंदणी क्रमांक, मागतात, तो व्हिसावर ‘रजिस्ट्रेशन नंबर’ या नावाने छापलेला असतो. अनेकांना तो सापडत नाही आणि ते रकाना रिकामा सोडतात. तसं करू नका.

कार्ड छापलं जाण्यासाठी यूएससीआयएसची इमिग्रंट फी, सध्या २३५ डॉलर, भरलेली हवी. ती शक्यतो उतरण्याआधीच ऑनलाइन भरून टाका. कार्ड मागाहून आई-वडिलांच्या किंवा मामा-काकांच्या पत्त्यावर येतं. मूल भारतात गेलेलं असलं तरी पहिल्या वर्षात ते शिक्क्यावर परत येऊ शकतं.

पर्वती_व्ह्यू

बायोमेट्रिक्सबद्दल लिहितो. चौदा वर्षांपासून ७९ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना ते लागतात. बोलावणं पोचपावतीनंतर स्वतंत्र पत्राने येतं. कधी लवकर येतं, कधी रेंगाळतं, त्यामुळे अर्ज पाठवल्यापासून महिना-दीड महिना हाताशी ठेवून परतीचं तिकीट काढा. केंद्र ठरतं ते अर्जातल्या टपालाच्या पत्त्यावरून. मूल राहणार न्यू जर्सीत आणि पत्ता दिला टेक्सासमधल्या काकांचा, तर बोलावणं टेक्सासमधल्या केंद्राचं येतं.

तारीख जमत नसेल तर ती उलटायच्या आत, सबळ कारण देऊन, यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यातून बदलून मागायची. न कळवता गैरहजर राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरून तो नाकारतात आणि ६३० डॉलर परत मिळत नाहीत. ठरलेल्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन विनंती करणारे असतात. घ्यायचं की नाही हे तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, त्या भरवशावर विमान बुक करू नये.

अर्ज दाखल करून भारतात जाणं आणि बायोमेट्रिक्ससाठी परत येणं कायद्याने चालतं. अर्ज प्रलंबित असताना देश सोडला म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. पण एमबीबीएसला थिअरीत ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते. सत्राच्या मध्येच आठवडाभरासाठी पळून येणं किती महागात पडेल हे आधी कॉलेजच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. अर्ज सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. त्यासाठी फॉर्म भारतातच भरून, प्रती काढून तयार ठेवा. अमेरिकेत उतरल्यावर फक्त शिक्क्याच्या पानाची प्रत आणि सही बाकी राहिली पाहिजे. सहीखालची तारीखही तिथलीच पडते.

सह्याद्री७२

माझ्या मते एवढा खर्च आणि खटाटोप करण्यापेक्षा दर सहा महिन्यांनी एक फेरी मारली तर काम भागतं. सहा महिन्यांच्या आत आलं की कोणी काही विचारत नाही.

वकीलकाका

सह्याद्री७२, हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि त्यामुळेच सर्वांत धोक्याचा आहे.

१८० दिवसांचा आकडा कायद्यात आहे, पण तो वेगळ्या कामासाठी. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परत येताना तुम्ही नव्याने प्रवेश मागत आहात असं धरतात आणि तपासणी अधिक कडक होते. १८० दिवसांच्या आत आलं म्हणजे रहिवास, म्हणजे ग्रीन कार्डाने मिळालेला स्थायी रहिवाशाचा दर्जा, शाबूत, असं कुठेही लिहिलेलं नाही. स्थायी रहिवास सोडून दिला का, हे ठरवताना बघतात ते जाण्याचं कारण, परत येण्याची ठरलेली वेळ, आणि घर व नोकरीचं खरं ठिकाण. बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने १९७५ मध्ये केन नावाच्या प्रकरणात हेच निकष मांडले आणि ते आजही लावले जातात. वर्षातले अकरा महिने भारतात काढून दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्या मारणाऱ्याला अधिकारी बाजूला बसवून विचारू शकतो, आणि तसं विचारतातही.

परमिट असलं की फरक पडतो तो असा: परमिट मुदतीत असताना केवळ किती दिवस बाहेर राहिलात या एकाच कारणावरून रहिवास सोडला असं म्हणता येत नाही. बाकी कारणांवरून म्हणता येतं. म्हणून परमिट काढलं की निश्चिंत, हा उलट्या टोकाचा समजही तितकाच चुकीचा. ते तुमच्या इराद्याचा एक भक्कम पुरावा आहे, कारण निघतानाच तुम्ही सरकारला लेखी सांगितलंत की परत यायचं आहे. बाकीचे पुरावे तुम्हालाच जमवायचे आहेत.

विद्यार्थ्याच्या बाबतीत एक गोष्ट बाजूने असते. शिक्षणाला शेवट असतो. एमबीबीएस कधी संपणार, इंटर्नशिप कधी संपणार, हे कागदावर दाखवता येतं. म्हणूनच फॉर्ममध्ये प्रवासाचा हेतू विचारतात तिथे नुसतं ‘एज्युकेशन’ लिहू नका. कोणता अभ्यासक्रम, कोणतं कॉलेज, इंटर्नशिपसह कोणत्या महिन्यात संपणार हे लिहा.

निशिगंधा_एडिसन

काकांच्या मुद्द्याला जोडून: सरकारी मेडिकल कॉलेजात असेल तर इंटर्नशिपनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती धरूनच शेवटची तारीख लिहावी. आधी २०२९ लिहायचं आणि पुढच्या अर्जात २०३० लिहायचं, हे बरं दिसत नाही. बंधपत्राची प्रत जपून ठेवा, कारण ते वर्ष स्वखुशीचं नाही हे त्यातून सिद्ध होतं.

नीट-पीजी देऊन भारतात एमडीला बसायचा विचार असेल तर मात्र आधी वकिलाशी बोला. पदवी अर्धी सोडू नये म्हणून थांबणं आणि पदवीनंतर आणखी तीन वर्षांचा नवा अभ्यासक्रम तिथेच सुरू करणं, या दोन गोष्टी अधिकाऱ्याला एकसारख्या दिसणार नाहीत. याउलट यूएसएमएलईची (अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करण्याच्या परवान्याची परीक्षा) नोंदणी, तिच्या स्टेप १ चा निकाल, ईसीएफएमजीचा (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना प्रमाणपत्र देणारी संस्था) अर्ज हे सगळे कागद अमेरिकेत परतायच्या तयारीचे पुरावे आहेत. स्टेप १ आणि स्टेप २ सीके भारतातल्या प्रोमेट्रिक केंद्रांवरही देता येतात, त्यासाठी फेरी मारावी लागत नाही.

चंद्रभागा

आता वेळेचं गणित कोणी नीट मांडेल का? परमिट यायला वर्ष लागतं असं ऐकलंय. मग मधल्या काळात काय?

कोयनाकाठ

चंद्रभागा, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून उदाहरण घेऊन सविस्तर लिहितो.

समजा, मुलगी जून २०२६ च्या सुरुवातीला अमेरिकेत उतरली. पहिल्याच आठवड्यात आय-१३१ गेला, जुलैच्या मध्यात बायोमेट्रिक्स झाले आणि २० जुलै २०२६ ला ती भारतात परतली. परमिटला आजकाल वर्ष किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो असं धरून चाला. ते येईपर्यंत तिच्याकडे फक्त ग्रीन कार्ड आहे, आणि कार्डावर परत यायला एक वर्षाच्या आतच यावं लागतं. म्हणजे १९ जुलै २०२७ पर्यंत परमिट हातात आलं नाही तर तिला त्याआधी एक फेरी मारायलाच हवी. हे सर्वांत जास्त विसरलं जातं. अर्ज प्रलंबित आहे ही सबब वर्ष उलटल्यावर कामाची नाही. पोचपावती हे प्रवेशाचं कागदपत्र नव्हे.

आता समजा, परमिट सप्टेंबर २०२७ मध्ये मंजूर झालं. मुदत मोजतात ती परमिट दिल्याच्या तारखेपासून, अर्जाच्या तारखेपासून नाही. म्हणजे ते सप्टेंबर २०२९ पर्यंत चालेल. या अर्थाने उशिराचा फायदाच झाला: जून २०२६ च्या एका अर्जावर, मधे २०२७ ची एक फेरी धरून, तीन वर्षांहून जास्त काळ निभावला. दुसऱ्या वर्षानंतर उतरलेल्या मुलाचं उरलेलं शिक्षण साधारण साडेतीन वर्षांचं. त्याला बहुतेक दोन परमिटं पुरतात.

पर्वती_व्ह्यू

इथेच ‘पाचपैकी चार वर्षां’चा नियमही सांगायला हवा. स्थायी रहिवासी झाल्यापासून, किंवा गेल्या पाच वर्षांत, यापैकी जो काळ कमी असेल त्यात एकूण चार वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिला असाल, तर पुढचं परमिट दोनऐवजी एकच वर्षाचं मिळतं. सरकारी आदेशावरून बाहेर असलेले, काही आंतरराष्ट्रीय संस्थांचे कर्मचारी आणि व्यावसायिक खेळाडू यांना सूट आहे. विद्यार्थ्यांना नाही.

फॉर्ममध्ये बाहेर काढलेला एकूण काळ विचारतात तो यासाठीच. पर्याय असतात: सहा महिन्यांपेक्षा कमी, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीन ते चार, चारपेक्षा जास्त. अंदाजाने खूण करू नका. पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटं घेऊन दिवस मोजा. दर उन्हाळ्यात पाच आठवडे अमेरिकेत काढले तर चार वर्षांत साधारण पाच महिने वजा होतात आणि आकडा तीन वर्षं सात महिन्यांवर येतो. म्हणजे पर्याय बदलतो. मुलाने घरी येण्याचा हा आणखी एक फायदा.

रानफुल

मंजूर झाल्यावर परमिट मिळतं कसं? मुलगा मुंबईत असेल तर?

वकीलकाका

दोन मार्ग आहेत. अर्जातच सांगायचं असतं की परमिट अमेरिकेतल्या पत्त्यावर पाठवा, किंवा अमुक वकिलातीत पाठवा. मुंबईसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातली वकिलात निवडता येते. तिथे गेलं तर ओळख पटवून ताब्यात घ्यायचं. दुसरा मार्ग म्हणजे अमेरिकेतल्या घरी मागवून तिथून खात्रीच्या कुरिअरने पाठवणं. आई-वडील तिथे असतील तर हा सोपा पडतो, कारण पाठपुरावा त्यांच्या हातात राहतो आणि पुस्तक नेमकं कुठे आहे हे कळतं.

पत्ता बदलला तर दहा दिवसांच्या आत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरून कळवणं स्थायी रहिवाशाला बंधनकारक आहे. अर्ज प्रलंबित असताना घर बदललं आणि कळवलं नाही, म्हणून परमिट जुन्या घरी गेलं, असं होऊ देऊ नका. परमिट घरी आलं की पहिल्यांदा नाव, जन्मतारीख आणि ए-नंबर तपासा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधल्या रकान्यात जातं, आडनावाची जागा बदलते. पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि परमिट या तिन्हींवर नाव एकच दिसलं पाहिजे.

अंकगणित

कराबद्दल कोणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. आय-१३१ मध्येच प्रश्न आहे: स्थायी रहिवासी झाल्यापासून तुम्ही कधी ‘नॉन-रेसिडेंट’ म्हणून फेडरल रिटर्न भरलंय का, किंवा स्वतःला तसं समजून रिटर्न भरायचं टाळलंय का? याला ‘हो’ असं उत्तर द्यावं लागलं तर रहिवास सोडल्याचा संशय स्वतःच्या सहीने लिहून दिल्यासारखं होतं. म्हणून १०४०-एनआर, म्हणजे नॉन-रेसिडेंटचा रिटर्नचा फॉर्म, कधीही भरू नका. भारत-अमेरिका कर-करारावर बोट ठेवून स्वतःला भारताचा रहिवासी ठरवून घेण्याचा सल्ला काही सीए देतात. कराच्या दृष्टीने तो बरोबर असेलही, ग्रीन कार्डाच्या दृष्टीने घातक आहे.

ग्रीन कार्डधारकाचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. विद्यार्थ्याचं उत्पन्न म्हणजे बहुधा एफडीचं व्याज आणि शेवटच्या वर्षातला इंटर्नशिपचा स्टायपेंड. रक्कम मर्यादेखाली असली तरी १०४०, म्हणजे रहिवाशाचा रिटर्न, भरलेला बरा, निदान आयआरएसच्या (अमेरिकेचं कर खातं) नोंदीत नाव राहतं. पालकांनी आपल्या रिटर्नमध्ये मुलाला नियमानुसार डिपेंडंट दाखवलं असेल तर तीही नोंद उपयोगी पडते.

एफबीएआर, म्हणजे परदेशी बँक खात्यांची माहिती देणारं विवरण, विसरू नका. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षातल्या कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली तर ते भरावं लागतं. आजीने नातीचं नाव लावलेली जॉइंट एफडी यात येते. ‘पैसे आजीचे आहेत’ हे खरं असलं तरी नाव खात्यावर आहे. मुदत १५ एप्रिल, आणि ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. मुलाच्या नावावर म्युच्युअल फंडाच्या एसआयपी असतील तर त्याचा अमेरिकी कर फार किचकट आहे, उतरण्याआधीच त्याचा विचार करा.

निशिगंधा_एडिसन

अंकगणित, उत्तम. मुलग्यांच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट: १८ ते २५ वयाच्या पुरुष स्थायी रहिवाशाचं नाव सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीसाठीच्या सरकारी यादीत, नोंदलेलं असलं पाहिजे. शिकायला भारतात असला तरी सूट नाही. वयाची सव्वीस वर्षं पूर्ण झाली की नोंदणी करता येत नाही आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्यावरून प्रश्न निघतात.

पहिल्याच मुक्कामात सोशल सिक्युरिटी कार्ड, राज्याचं ओळखपत्र आणि बँक खातं एवढं उरकून घ्या. डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा अर्ज भरताना सोशल सिक्युरिटी कार्ड हवं असं निवडलं असेल तर ते वेगळा अर्ज न करता घरी येतं.

देवराई

विमानतळावर काय दाखवायचं? आणि अधिकाऱ्याने अडवलं तर?

वकीलकाका

हातातल्या बॅगेत, सामानात नव्हे, हे ठेवा: पासपोर्ट, ग्रीन कार्ड, परमिट. त्याखाली कॉलेजचं चालू वर्षाचं बोनाफाईड, त्यात अभ्यासक्रम संपण्याची अपेक्षित तारीख लिहून घेतलेली. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या गुणपत्रिका, पालकांच्या अमेरिकेतल्या घराचा पुरावा, रिटर्नच्या प्रती, अमेरिकी बँकेचं अलीकडचं स्टेटमेंट. मुंबईला चेक-इनच्या वेळी विमान कंपनीही शेवटच्या प्रवासाची तारीख बघते. वर्ष उलटलेलं असेल तर परमिट तिथेच दाखवावं लागतं, ते नसेल तर चढू देत नाहीत.

प्रश्नांची उत्तरं थोडक्यात आणि खरी द्या. ‘कुठे राहतोस?’ या प्रश्नावर मुलं सवयीने ‘पुणे’ म्हणतात. खरं उत्तर असं: घर न्यू जर्सीत आई-वडिलांकडे, पुण्यात शिकायला आहे, अमुक महिन्यात शिक्षण संपतं.

अधिकाऱ्याने आय-४०७ पुढे केला तर त्यावर सही करू नये. स्थायी रहिवास स्वेच्छेने सोडल्याचा तो फॉर्म आहे. सही करणं सक्तीचं नाही. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा हक्क आहे, आणि तिथे रहिवास सोडल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. अठरा-एकोणीस वर्षांचं मूल चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर एकटं उभं असतं. त्याला ही एक गोष्ट आधी नीट समजावून सांगा, फॉर्मचा नंबर पाठ करून घ्या.

सह्याद्री७२

वकीलकाका, सविस्तर उत्तराबद्दल आभार. परमिट काढलंच नाही आणि वर्ष उलटून गेलं, तर एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा, व्हिसा असतो ना?

वकीलकाका

असतो, पण विद्यार्थ्याने त्यावर विसंबू नये. वकिलातीत डीएस-११७ भरायचा, त्याची फी १८० डॉलर. सिद्ध काय करायचं, तर निघताना परत यायचा इरादा होता, तो कायम राहिला, आणि मुक्काम लांबला तो स्वतःच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने. गंभीर आजारपण वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम तर आधीच माहीत होता, तो आवाक्याबाहेर होता हे पटवणं कठीण. मान्य झालंच तरी पुढे मेडिकल आणि मुलाखत नव्याने. ग्रीन कार्ड हरवलं आणि बाहेर वर्ष झालेलं नसेल, किंवा परमिट हरवलं आणि दोन वर्षं झालेली नसतील, तर मार्ग वेगळा: वकिलातीत आय-१३१ए, फी ५७५ डॉलर. त्यावर विमानात बसण्यापुरती परवानगी मिळते. दोन्ही फॉर्मची नावं सारखी आहेत, गल्लत करू नका.

चंद्रभागा

नागरिकत्वाचं घड्याळ परमिटमुळे चालू राहतं का?

पर्वती_व्ह्यू

नाही. परमिट फक्त स्थायी रहिवास सांभाळतं. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात आणि ते खोडून काढणं तुमच्यावर येतं. एक वर्ष किंवा जास्त असेल तर ते तुटतंच, परमिट असो वा नसो. मग परत आल्यावर किमान चार वर्षं आणि एक दिवस थांबून एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरता येतो, आणि तेव्हाही सहा महिन्यांचं गृहीतक आडवं येऊ नये म्हणून साडेचार वर्षं थांबणं सुरक्षित. शिवाय पाच वर्षांपैकी तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले लागतात. एन-४७० हा वास्तव्य राखण्याचा फॉर्म अमेरिकी सरकार, अमेरिकी कंपन्या, मान्यताप्राप्त संशोधन संस्था वगैरेंसाठी परदेशी काम करणाऱ्यांचा आहे. नुसत्या विद्यार्थ्याला तो लागू होत नाही.

निवासी डॉक्टर म्हणून तीन वर्षं अमेरिकेत काढायचीच असतात, त्यामुळे हा काळ तसा वाया जात नाही. आणि ग्रीन कार्ड असल्यामुळे रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये, म्हणजे निवासी डॉक्टरांना रुग्णालयं वाटून देण्याच्या प्रक्रियेत, व्हिसा प्रायोजित न करणाऱ्या रुग्णालयांतही अर्ज करता येतो. कार्ड टिकवण्यासाठी एवढे कष्ट घ्यायचे ते यासाठी.

रानफुल

शेवटची शंका. पहिलं परमिट सप्टेंबर २०२९ पर्यंत आहे, मुलगी जून २०२९ मध्ये सुट्टीला येणार. दुसऱ्याचा अर्ज तेव्हाच करायचा का? पहिलं अजून मुदतीत असताना?

कोयनाकाठ

हो, तेव्हाच. सप्टेंबरनंतर त्यासाठी वेगळी फेरी पडेल. पण एका वेळी दोन परमिटं ठेवू देत नाहीत. आधीचं मुदतीत असेल तर ते नव्या अर्जासोबत परत पाठवावं लागतं, हरवलं असेल तर तसं लेखी द्यावं लागतं. पाठवण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवा. ते पाठवलं की ती पुन्हा फक्त ग्रीन कार्डावर येते, म्हणजे जुलै २०२९ मध्ये निघाली तर जुलै २०३० च्या आत परत, असं एक वर्षाचं घड्याळ नव्याने सुरू होतं. इंटर्नशिप त्या आत संपत असेल तर दुसऱ्या परमिटचे ६३० डॉलर खर्चण्याआधी तारखा कॅलेंडरवर मांडून बघा, कदाचित त्याची गरजच पडणार नाही. आणि संपत नसेल तर इंटर्नशिपच्या रजेत एक फेरी बसते का, हे कॉलेजच्या कार्यालयात आताच विचारून ठेवा. जेवढी रजा जास्त, तेवढी इंटर्नशिप पुढे ढकलली जाते.